समुद्रातला कनिष्ठ मध्यमवर्ग

सर्फिंगमध्ये नवशिक्याला सगळे सांभाळून घेतात आणि पटाईताला सगळे वाट करून देतात. हाल होतात ते मधल्याचे, आणि त्यातही मधल्यांतल्या खालच्याचे. हा माणूस आता किनाऱ्यालगतच्या फेसात लोळत नाही. स्वतःच्या हातांनी पाणी मारत आत जातो, अजून न फुटलेली लाट ओळखतो, दहांतल्या दोन-तीन पकडतो, उभाही राहतो. उजवीकडे वळता येत असेल तर डावीकडे वळता येत नाही, एवढंच. त्याला कुणी शिकवत नाही, कारण त्याला येतं; त्याला कुणी विचारत नाही, कारण त्याला येत नाही. समाजात कनिष्ठ मध्यमवर्गाची जी अवस्था तीच याची समुद्रात: सवलतीला पात्र नाही आणि जिमखान्याच्या सभासदत्वाला लायक नाही. या वर्गाची खरी परीक्षा खरेदीत होते, कारण त्याची प्रत्येक खरेदी अर्धी गरजेपोटी आणि अर्धी शेजाऱ्यांसाठी असते. आजवर भाड्याच्या फळीवर भागवलेला हा माणूस पहिला स्वतःचा लाँगबोर्ड घ्यायला निघतो, खिशात बेताचे पैसे असतात, आणि नेमका परवडणारा सोडून बाकी सगळे बोर्ड त्याच्या मनात भरतात. माझं म्हणणं असं की परवडणारा लाँगबोर्ड किमतीच्या चिठ्ठीवरून ओळखू येत नाही. मालक आज जसा आहे तशाच स्थितीत ज्यावर त्याला जास्तीत जास्त लाटा मिळतील आणि विकायला काढल्यावर ज्याचे पैसे जवळपास सगळे परत येतील, तो बोर्ड परवडला. असा बोर्ड बहुधा लांब, जाड, जुना आणि दिसायला अगदीच सामान्य असतो. म्हणून तर तो शिल्लक राहतो.

लाँगबोर्ड म्हणजे साधारण ९ फूट किंवा त्याहून लांब, पुढून गोलसर फळी. तिच्या खरेदीचं मानसशास्त्र पाहायला कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझइतकी सोयीची जागा नाही. सॅन होजेहून डोंगरातला वळणावळणांचा हायवे सतरा धरला की पन्नासेक किलोमीटरवर हे गाव, त्यामुळे शनिवारी सकाळी सनीव्हेल-कुपरटिनोहून जी मंडळी तिथे उतरतात त्यांत आपले संगणकवालेही असतात. काउल्स बीचची लाट मवाळ, लांब आणि क्षमाशील. ओहोटीला उत्तम, भरतीला जवळपास गायब. तिथून कड्याच्या बाजूला थोडं सरकलं की स्टीमर लेन, जिथे पटाईतांचं राज्य. कनिष्ठ मध्यमाला आपल्या जागी बसून वरची जागा सतत दिसत राहते, आणि सगळा घोटाळा त्या दिसण्यातून सुरू होतो. तो घरी येऊन कोष्टक मांडतो. लांबी, रुंदी, जाडी, लिटर, फोमचा प्रकार, फिनची (खालच्या पंखांची) संख्या, किंमत, डिस्काउंट. कोष्टक इतकं देखणं होतं की त्यात 'आपण महिन्यातून किती वेळा पाण्यात उतरतो' हा रकाना राहून गेल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. याच सांताक्रूझला १८८५ साली, असलं कुठलंही कोष्टक न मांडता, हवाईचे तीन राजपुत्र आले होते. सॅन माटेओच्या शाळेत शिकत होते. सुट्टीत सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी त्यांनी लाटांवर स्वारी केली, आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या सर्फिंगचा इतिहास तिथून धरला जातो. त्यांच्या फळ्या हवाईहून आल्या नव्हत्या. इथल्याच रेडवूडच्या, इथेच कापून घेतलेल्या होत्या. राजपुत्रांना गावठी माल चालला. अडचण सॅन माटेओच्या आजच्या भाडेकरूंना आहे.

दुकानात बोर्डाकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असतं: आपण उभे आहोत, गुडघे किंचित वाकलेले, मागे पाण्याची निळी भिंत, आणि किनाऱ्यावरून कुणीतरी फोटो काढतंय. वस्तुस्थिती अशी की सर्फिंग हा मुख्यतः पोटावर पडून करायचा उद्योग आहे. स्पर्धांत उतरणाऱ्या सर्फरांच्या वेळेची अभ्यासकांनी मोजणी केली आहे. तिच्यात निम्म्याच्या आसपास वेळ हातांनी पाणी मारण्यात जातो, उरलेल्यातला बराचसा नुसतं बसून वाट पाहण्यात, आणि प्रत्यक्ष लाटेवर असण्याचा वाटा १० टक्क्यांच्या आत राहतो. ही पटाईतांची गत. दोन तास पाण्यात काढले तर त्यांना लाटेवरची पाच-दहा मिनिटं लाभतात. कनिष्ठ मध्यमाला किती सेकंद लाभतात हे मोजण्याचा निर्दयपणा न केलेलाच बरा. तेव्हा ज्या वस्तूवर आपण नव्वद टक्क्यांहून अधिक वेळ पालथे पडणार किंवा पाय सोडून बसणार, ती पालथं पडायला आणि बसायला कशी आहे, हा पहिला प्रश्न. वळायला कशी आहे, हा चौथा किंवा पाचवा.

पुढचा हिशोब शाळेतल्या पदार्थविज्ञानाचा. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. मीटरभर खोलीवर तो सेकंदाला ३ मीटरच्या थोडा वर, म्हणजे ताशी ११ किलोमीटरच्या आसपास असतो. तुमच्या-आमच्यासारखा माणूस हातांनी पाणी मारून याच्या निम्मा वेग कसाबसा गाठतो. उरलेली तूट लाटेच्या उतारावर घसरून भरून काढायची असते. लांब, रुंद, चांगला तरंगणारा बोर्ड थोड्या उतारावरही घसरू लागतो. आखूड बोर्डाला उतार जवळजवळ उभा व्हावा लागतो, आणि उतार उभा झाला की लाट फुटायचा क्षण आलाच. म्हणजे लाँगबोर्डवाल्याला लाट आधी मिळते आणि उठायला थोडा अवधीही मिळतो. पोटावरून पायांवर येताना ज्याचा गुडघ्यावर एक मुक्काम पडतो, त्याचं सगळं सर्फिंग त्या अवधीवर चालतं. लिटरचंही तसंच. ९ फूट ४ इंच लांब, साडेबावीस इंच रुंद आणि ३ इंच जाड बोर्ड ७० लिटरच्या घरात जातो, आणि आर्किमिडीजच्या नियमाने स्वतःच्या वजनासकट साधारण तेवढ्याच किलोंचा भार पाण्यावर तोलतो. पटाईताचा आखूड बोर्ड ३० लिटरच्या आसपास असतो. त्यावर ७५ किलोचा अभियंता पालथा पडला की बोर्ड दिसेनासा होतो, आणि किनाऱ्यावरच्यांना वाटतं, हे गृहस्थ पोहतायत आणि भलत्याच दिशेने पोहतायत. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याकडचं शहाणपण घरखर्चाला ठीक. बोर्ड घेताना अंथरूणच पायांपेक्षा साडेतीन फूट लांब घ्यावं लागतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आखूड बोर्डावर माणूस लवकर सुधारतो, मग पुढे लागणारा बोर्ड आत्ताच का घेऊ नये? शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यावा तसा हा विचार आहे, आणि गणवेशाच्या बाबतीत तो बरोबर असतो, कारण सातवीतला मुलगा पुढच्या जूनपर्यंत खरोखर वाढतो. अडतिशीतल्या, शनिवारी सकाळी मोकळ्या होणाऱ्या आणि त्यातला एक शनिवार मुलांच्या सॉकरला देणाऱ्या माणसाचं सर्फिंग त्या वेगाने वाढत नाही. कौशल्य वाढतं ते लाटांच्या संख्येवर. सुधारणा आखूड बोर्डाने होत असेलही, पण ती लाट पकडल्यावर होते, आणि लाट न पकडता परत आलेल्या माणसाची सुधारणा फक्त खांद्यांत होते. लाँगबोर्डवर दिवसाला पंधरा लाटा मिळाल्या तर पंधरा वेळा उठायचा, पंधरा वेळा कडेला वजन देऊन तिरकं जायचा सराव होतो. आखूडवर तीन. तीनमध्ये डावीकडचं वळण शिकायचं ठरवलं तर निवृत्तीनंतरचं नियोजन त्याच धोरणाने करावं लागेल.

आखूड बोर्ड हीच प्रगती, ही कल्पना आली तरी कुठून? १९६६ साली सॅन डिएगोला जागतिक स्पर्धा झाली. त्या वेळी बोर्डाच्या टोकावर जाऊन डौलात उभं राहणं ही सर्फिंगमधली सर्वोच्च कला मानली जात होती. नॅट यंग नावाच्या अठरा वर्षांच्या ऑस्ट्रेलियन मुलाने 'मॅजिक सॅम' या पातळ बोर्डावर लाटेच्या ऐन उभारात जोरकस वळणं घेऊन ती स्पर्धा जिंकली. तो बोर्डसुद्धा ९ फूट ४ इंचांचा होता, ही गोष्ट पुढच्या धामधुमीत विसरली गेली. बॉब मॅकटॅविश, जॉर्ज ग्रीनो अशा बोर्ड घडवणाऱ्यांच्या प्रयोगांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत फळ्या झपाट्याने आखडल्या. लोकांनी घरातल्या धडधाकट लाँगबोर्डांची फायबरग्लासची साल काढली, आतला फोम तासला आणि त्यातून आखूड फळ्या केल्या. काउल्सची लाट मात्र १९६६ मध्ये होती तशीच १९६९ मध्येही राहिली. तिला क्रांतीची वर्दी कुणी दिली नव्हती. ही क्रांती रोज समुद्रात असणाऱ्या विशीच्या आतबाहेरच्या पोरांनी स्वतःच्या गुडघ्यांसाठी केली, आणि तिचा हप्ता साठ वर्षांनी कुपरटिनोतला चाळिशीला टेकलेला माणूस फेडतोय. त्या काळात मोडीत गेलेले बोर्ड आज दिवाणखान्याच्या भिंतीवर दिवा लावून टांगलेले असतात आणि त्यांची किंमत विचारायची सोय नसते, हा वेगळा विनोद. आपल्यापुरता धडा एवढाच की बाजार आकारावर रुसतो, तेव्हा तो त्याच्या उपयोगावर रुसलेला असतोच असं नाही. दुसऱ्यांची फॅशन बदलली की आपली किंमत उतरते, आणि कनिष्ठ मध्यमाने तिथेच उभं राहावं.

आता पैशांकडे. कॅलिफोर्नियात नामवंत हाताचा नवा लाँगबोर्ड हजार डॉलरच्या सहज वर जातो, आणि वापरलेला, नीट जपलेला बोर्ड त्याच्या निम्म्यात किंवा त्याहूनही कमीत मिळतो. समजा एकाने १२०० डॉलरला नवा घेतला आणि दोन वर्षांनी तो ७०० ला विकला. दुसऱ्याने ५०० ला जुना घेतला आणि दोन वर्षांनी ४५० ला विकला. पहिल्याला दोन वर्षं ५०० डॉलरला पडली, दुसऱ्याला ५० ला. समुद्र दोघांना सारख्याच लाटा देतो. पावती पाहत नाही. पण नव्या बोर्डाचा खरा खर्च हिशोबात येत नाही, तो मनस्तापाचा. सर्फबोर्ड म्हणजे फोमचा गाभा आणि त्यावर फायबरग्लास-रेझिनचं पातळ कवच. हे कवच लाटेपेक्षा जास्त वेळा गॅरेजच्या दाराला, जिन्याच्या कठड्याला आणि पार्किंगमधल्या शेजारच्या गाडीच्या आरशाला आपटून फुटतं. नऊ फुटी वस्तू खांद्यावर घेऊन वळणाऱ्या माणसाला आपली मागची बाजू कुठवर पोचते याचा अंदाज यायला एक वर्ष लागतं. नव्या बोर्डाला पहिला टवका उडाला की घरात सुतक पडतं. जुन्या बोर्डावर तो बारावा टवका असतो. उन्हात कडक होणारं रेझिन लावलं, घासलं, की दुपारी पुन्हा पाण्यात. शिवाय नव्या बोर्डाचा मालक खडक दिसले की उतरत नाही, गर्दी दिसली की उतरत नाही, आणि वरून सांगतो की आज लाटा बरोबर नव्हत्या. जपण्याच्या नादात न वापरलेली वस्तू ही जगातली सर्वांत महाग वस्तू, हे शोकेसमधल्या कपबशा पाहत वाढलेल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

'जुन्या मालात फसवणूक होते' हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर डोळे उघडे ठेवून माल पाहणं हेच. पिवळेपणाला घाबरू नये. पॉलियुरेथेनचा फोम उन्हाने पिवळा पडतो, त्यामुळे लगेच कमजोर होत नाही, मात्र किंमत कमी करायला विक्रेत्याला तेवढं कारण पुरतं. घाबरायचं ते वजनाला. त्याच मापाच्या दुसऱ्या बोर्डापेक्षा हा उगाच जड लागला तर तो पाणी प्यायलेला आहे. वरच्या पृष्ठभागावर, विशेषतः छाती आणि टाचा टेकतात तिथे, अंगठ्याने दाबून पाहावं. कवच फोमपासून सुटलं असेल तर तिथे फुगवटा दबतो आणि उठतो. खालून आडवी रेघ दिसली तर बोर्ड कधीतरी वाकून मोडता मोडता वाचलेला आहे, आणि पुढच्या वेळी वाचेलच असं नाही. फिन बसते त्या खोबणीभोवती तडे असतील तर नमस्कार करून निघावं. दोन सुरकुत्या, चार टवके, मागच्या मालकाचं वॅक्स आणि त्यात रुतलेली वाळू हे सगळं चालतं. शेवटी विकण्याचं कारण विचारावं. 'मोठा बोर्ड घेतोय' म्हणणाऱ्याने हा मनसोक्त वापरलेला असतो. 'बाळ झालं' म्हणणाऱ्याचा बोर्ड वर्षभर कोरडा पडून असतो. दुसरा निवडावा. बाळाचंही कौतुक करावं, पन्नास डॉलर उतरतात.

नवा पण स्वस्त असा तिसरा मार्ग नाही का? आहे, आणि त्याच्यामागे एक तारीख आहे. ५ डिसेंबर २००५ रोजी गॉर्डन क्लार्क यांनी आपली 'क्लार्क फोम' ही कंपनी एका पत्रानिशी बंद केली. अमेरिकेतल्या बोर्डांसाठी लागणाऱ्या फोमच्या ठोकळ्यांचा सिंहाचा वाटा ही एकटी कंपनी पुरवत होती. रातोरात ठोकळ्यांचा दुष्काळ पडला, कारागिरांनी साठे केले, आणि या पोकळीत परदेशी कारखान्यांचा साचेबंद एपॉक्सी माल आणखी वेगाने शिरला. पॉलिस्टायरीनच्या गाभ्यावर एपॉक्सीचं कवच असलेले हे बोर्ड हलके आणि टणक असतात, किमतीलाही बरे पडतात, आणि त्यांच्याविरुद्ध 'आत्मा नाही' हा जो पुकारा होतो त्यात मला फारसा दम दिसत नाही. काउल्सवर पडणाऱ्याला बोर्डात आत्मा असला-नसला तरी पाणी तेवढंच नाकात जातं. अडचण दोन ठिकाणी. तडा दुर्लक्षित राहिला तर हा गाभा पाणी अधिक पितो. आणि हलका बोर्ड वाऱ्यात, खळबळीत जास्त हिंदकळतो, तर थोडा जड बोर्ड एकदा चालू लागला की त्याचा रोख टिकतो. तरी चांगल्या स्थितीतला वापरलेला एपॉक्सी समोर आला तर तो नाकारायचं मला कारण दिसत नाही. भांडण नवेपणाशी आहे, रसायनाशी नाही.

स्पंजाच्या मऊ बोर्डाचा आक्षेप जास्त वजनदार आहे. कॉस्टकोमधला ८ फुटी 'वेव्हस्टॉर्म' बरीच वर्षं शंभर डॉलरच्या आसपास मिळत होता आणि तांदळाच्या पोत्याशेजारून सरळ गाडीत जात होता. सर्फिंगची इतकी लोकशाही दुसऱ्या कुठल्याही वस्तूने केलेली नाही, आणि डोक्यावर आदळला तरी टाके पडण्याची शक्यता कमी. मग हाच का नको? नवशिक्याला हाच हवा. कनिष्ठ मध्यमाला तो वर्षभरात अपुरा पडतो, कारण तो लाटेवर लवतो, त्याची कड धार धरत नाही, त्याच्या फिना वळणात मऊ पडतात, आणि तिरकं जाण्याचा जो धडा आता गिरवायचा आहे नेमका तोच तो नीट देत नाही. तरीही खिशात खरोखर शंभर-दीडशे डॉलरच असतील, तर उधारीवर कडक बोर्ड घेण्यापेक्षा मऊ घ्यावा आणि ताठ मानेने वाहावा. त्यावरून हसणारे असतातच. लाटांच्या दुनियेत अडाण्याला 'कूक' म्हणतात, आणि कनिष्ठ मध्यमाचा निम्मा खर्च आपल्याला कुणी कूक म्हणू नये यासाठी होतो. पण कूक कोण ते पाण्यात अर्ध्या मिनिटात कळतं. बोर्ड त्यात ना भर घालतो ना लपवतो.

कारागिराकडून आपल्या मापाचा बोर्ड घडवून घ्यावा, हा सल्ला चांगल्या मनाची माणसं देतात. कारागीर विचारतो, वजन किती, उंची किती, आणि सर्फिंग कसं करता? पहिल्या उत्तरात पाच किलो कमी सांगितले जातात आणि तिसऱ्यात दोन वर्षांची प्रगती आगाऊ धरली जाते. कारागीर बिचारा प्रामाणिकपणे, सांगितलेल्या त्या सडपातळ आणि चपळ माणसासाठी बोर्ड करतो, आणि तो माणूस बोर्ड न्यायला येतच नाही, येतो दुसराच. नामवंतांच्या नावाचे बोर्डही याच जातीचे. फिल एडवर्ड्स या सर्फरच्या नावाचा बोर्ड हॉबी कंपनीने १९६० च्या दशकातच बाजारात आणला, तेव्हापासून नाव फळीवर छापून मिळतं. पाय ज्याचे त्यानेच आणायचे असतात.

मधल्या माणसाने घोळात पडण्याची आणखी एक जागा म्हणजे प्रकार. एका टोकाला जड, रुंद, एका मोठ्या फिनचा, टोकावर चालत जाण्यासाठी घडवलेला बोर्ड. दुसऱ्या टोकाला अरुंद नाकाचा, जास्त बाकाचा, हलका, झपाझप वळणारा. पहिला घेणाऱ्याला पाच बोटं टोकावर ठेवायची स्वप्नं पडतात, जेव्हा दोन्ही पाय मध्यावर ठेवणं अजून व्हायचं असतं; दुसरा घेणाऱ्याने लाँगबोर्डची सगळी गैरसोय विकत घेऊन सोय दुकानातच ठेवलेली असते. मधला, बाक बेताचा, मधे मोठ्या फिनची खोबण आणि दोन बाजूंना लहान फिनांची सोय असलेला बोर्ड कंटाळवाणा दिसतो. तोच घ्यावा. बाजूच्या फिना काढून-घालून एकाच बोर्डावर दोन स्वभाव पाहता येतात, आणि तेही फुकट.

गाडीवर मावत नाही, सदनिकेत ठेवायला जागा नाही, ही तक्रार योग्य आहे. छतावर दोन पट्ट्यांनी बांधता येतो, घरात मात्र तो उभा केला की छताला आणि आडवा केला की नात्यांना टेकतो. त्याहून गंभीर तक्रार इतरांची. सुटलेला जड लाँगबोर्ड मागच्याचं डोकं फोडू शकतो, आणि तो आखूड बोर्डासारखा लाटेखालून दाबून नेता येत नाही. म्हणून येणाऱ्या लाटेसमोर बोर्ड घट्ट धरून उलटं होणं आधी शिकावं, आणि लाट दुरून मिळते म्हणून प्रत्येक लाट घेऊ नये. लाँगबोर्डवाल्यांवर हावरेपणाचा जो आरोप होतो तो बऱ्याचदा खरा असतो.

आपल्या किनाऱ्यावर हा हिशोब एका ठिकाणी बदलतो. पश्चिम किनाऱ्याला पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, यांत्रिक मासेमारीसुद्धा १ जून ते ३१ जुलै बंद असते. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत गोव्याच्या अश्व्याला किंवा कर्नाटकातल्या मुल्कीला लाट बहुधा लहान आणि नीटनेटकी असते, म्हणजे लाँगबोर्डलाच धार्जिणी. म्हणून आकाराबद्दलचं माझं म्हणणं तिथे अधिकच लागू पडतं. मालकीबद्दलचं पडत नाही. पुण्या-मुंबईहून वर्षातून दोन-तीनदा जाणाऱ्याला जुन्या बोर्डांचा बाजार हाताशी नाही, नऊ फुटी सामान विमानात नेण्याचा खर्च आणि वाद दोन्ही मोठे, आणि शाळांकडे बोर्ड भाड्याने मिळतात. त्याने मोठा मागून घ्यावा, लहान दिला तर परत करावा, आणि घरी येताना हात हलवत यावं.

सांताक्रूझवाल्यांनी मात्र ९ फूट २ ते ९ फूट ६ इंचांच्या दरम्यानचा, साडेबावीस इंच रुंद, ३ इंचांच्या आसपास जाडीचा, पिवळा पडलेला पण कोरडा बोर्ड शोधावा. वाचलेल्या पैशांतून अंगाला नेमका बसणारा नवा वेटसूट घ्यावा; तिथलं पाणी उन्हाळ्यातही गारच, आणि जॅक ओ'नील यांनी आपलं वेटसूटचं दुकान १९५९ साली त्या गावी हलवलं ते उगाच नाही. कुडकुडणारा माणूस पाऊण तासात बाहेर येतो, मग बोर्ड कितीही लिटरचा असो. आणि बोर्ड जुना घेतलात तरी लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, जुनी घेऊ नका. बोर्डाच्या लांबीची, नवी, पैसे मोजून घ्या. विक्रेता बोर्डाबरोबर फुकट देतो ती घरी नेऊन टाकून द्या.